फौजेचा खर्च वऱ्हाडाच्या नावे

आमच्या पोरांना सेनापतींची वचने पाजण्याचा जो धंदा अमरावती-अकोल्यात चालला आहे, तो बंद झाला पाहिजे. धंदा हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. स्पर्धा परीक्षेचे क्लास घ्या, पोलीस भरतीच्या अकादम्या घ्या, महाविद्यालयांतली व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे घ्या, सगळीकडे एकाच साच्यातला वक्ता उभा असतो आणि एकाच साच्यातले बोलतो. नेपोलियन असे म्हणाला, सन त्झू तसे म्हणाला. युद्ध म्हणजे निर्णय, सत्ता म्हणजे धाक, नेता म्हणजे मागे वळून न पाहणारा माणूस. समोरची पोरे पहाटे चारला उठून, मैदानावर धावून, उपाशीपोटी आलेली असतात. घरी वावरात घातलेला पैसा निघालेला नसतो, सोसायटीचे कर्ज थकलेले असते, आणि इथे त्यांना सांगितले जाते की तुम्ही हरता, कारण तुमच्यात सेनापती नाही.

एका महाविद्यालयात असेच भाषण मी शेवटपर्यंत ऐकले. त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टन आला. वॉटर्लू आले, नेपोलियनचा पाडाव आला, संयम आणि शिस्त आली. हा माणूस वऱ्हाडात लढला, अकोल्याहून अकोटमार्गे दोन तासांत पोचता येईल अशा एका गावाच्या शिवारात त्याने माणसे कापली, हे वक्त्याला माहीत नव्हते. ऐकणाऱ्यांतल्या कुणालाही माहीत नव्हते. ज्या मातीवर त्या पोरांचे आजे-पणजे राबले, त्याच मातीतली लढाई त्यांच्यापासून लपलेली, आणि त्याच लढाईच्या विजेत्याची सुभाषिते मात्र फी घेऊन विकली जातात. याचा मला संताप येतो आणि तो आवरून लिहिण्याची माझी इच्छा नाही.

गाव म्हणजे अडगाव. तेल्हारा तालुक्यातले अडगाव बुद्रुक. इंग्रजांच्या कागदांत ते ‘आरगॉम’ झाले. तारीख २९ नोव्हेंबर १८०३. दोन महिन्यांपूर्वी, २३ सप्टेंबरला, असईला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजांचा मोड झाला होता. मेजर जनरल आर्थर वेलस्ली तेव्हा ३४ वर्षांचा होता. गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ. पुढे हाच वेलिंग्टन झाला आणि १८२८ मध्ये इंग्लंडचा पंतप्रधानही. त्याच्या फौजेला कर्नल स्टीव्हन्सनची फौज येऊन मिळाली होती. समोर रघूजींचा भाऊ मनू बापू भोसल्यांचे पायदळ, तोफा आणि घोडदळ घेऊन उभा होता. जवळच सिरसोलीकडे शिंद्यांचे घोडदळ होते.

नोव्हेंबरअखेर आमच्याकडे शिवारात काय असते ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. ज्वारी उभी असते, कपाशी फुटलेली असते. वर्षभराचे खाणे आणि वर्षभराचा पैसा दोन्ही त्या दिवसांत उघड्यावर असतात. त्या पिकांतून दोन फौजा एकमेकींवर चालून गेल्या. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच वेलस्लीच्या पुढच्या शिपायांच्या जवळजवळ तीन पलटणी उधळल्या आणि मागे पळाल्या. असईला याहून भयंकर मारा सोसलेल्या पलटणी होत्या त्या. वेलस्ली जवळच होता म्हणून त्याने त्यांना गावाच्या आडोशाला गोळा केले आणि पुन्हा पुढे नेले. नसता तर दिवस उलटला असता. संध्याकाळी साडेचारच्या सुमाराला मुख्य हल्ला झाला. मनू बापूच्या बाजूने पाचएकशे परदेशी पायदळ गोऱ्या पलटणींवर तुटून पडले. इंग्रजी वृत्तांत त्यांना इराणी म्हणतात. ते जवळपास सगळे तिथेच मेले. बाकीची फळी मोडली. ३८ तोफा मागे राहिल्या. वेलस्लीचे मेलेले आणि जखमी मिळून साडेतीनशेच्या वर. मग रात्री चांदण्यात घोडदळाने पळणाऱ्यांचा पाठलाग केला.

त्या पाठलागाबद्दल विजेत्याने जे लिहून ठेवले, ते शिबिरात कुणी वाचून दाखवावे असे माझे आव्हान आहे. त्याला हळहळ वाटली. आणखी तासभर उजेड मिळाला असता तर एकही माणूस निसटला नसता, असा त्याच्या लिहिण्याचा अर्थ आहे. बारा वर्षांनी वॉटर्लूनंतर याच माणसाने हरलेल्या लढाईखालोखाल जिंकलेल्या लढाईसारखे दुःख नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले आणि जगभर ते फळ्यांवर लिहिले जातात. वॉटर्लूला त्याचे मित्र मेले होते, त्याच्या वर्गातले, त्याच्या जेवणाच्या टेबलावरचे लोक. तिथे त्याला दुःख झाले ते खरे असेल, मी ते नाकारत नाही. पण अडगावच्या चांदण्यात पळणारा शिपाई त्याच्या त्या दुःखात बसत नव्हता. सेनापतीची वचने जमवणाऱ्याने दोन्ही वाक्ये शेजारी ठेवावीत. एकच ठेवायचे आणि दुसरे गाळायचे ही फसवणूक आहे. ती आमच्याच गावांच्या बाबतीत केली जाते आणि आम्ही टाळ्या वाजवतो.

अडगावात मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोललो. लढाईचे त्याने ऐकले होते. मी तारीख सांगितली, महिना सांगितला. तो थोडा वेळ शिवाराकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “नोव्हेंबरात? मंग त्या साली गावच्या लोकायनं खाल्लं काय, भाऊ?”

युद्ध आणि नेतृत्व यांवर मी जितके वाचले त्यात या प्रश्नाच्या तोडीचा प्रश्न मला फार थोड्या ठिकाणी सापडला. त्याचे उत्तरही इतिहासात आहे. १८०३-०४ साली दख्खनवर आणि वऱ्हाडावर दुष्काळ कोसळला. पाऊस कमी झाला हे खरे, पण दोन-तीन वर्षे होळकर, शिंदे, पेंढारी, भोसले आणि कंपनी यांच्या फौजांनी जो मुलूख तुडवला, त्या मुलखात कणगीत उरले काय असेल? खुद्द वेलस्लीला पुढच्या वर्षी अहमदनगरला भुकेल्यांसाठी अन्न आणि काम यांची सोय करावी लागली. सैन्याने उठवलेली भूक सैन्यालाच दिसली, इतकी ती मोठी होती.

आता आमच्या बाजूच्या सेनापतींविषयी. त्यांच्याविषयी बोलताना वऱ्हाडी माणसाचा आवाज खाली येतो, कारण ते आपले. मी आवाज खाली आणणार नाही. दौलतराव शिंदे तेव्हा चोवीस वर्षांचे होते. हिंदुस्थानातले सर्वांत मोठे कवायती पायदळ त्यांच्याकडे होते, महादजींनी द बॉयन या युरोपीय अधिकाऱ्याकडून उभे करून घेतलेले. त्या पायदळाचे गोरे अधिकारी पगारावर बांधलेले होते. युद्ध सुरू होताच गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढून त्यांच्यातल्या इंग्रजांना नोकरी सोडण्याचे आमिष दाखवले, आणि ते गेले. सेनापती पेराँ स्वतः सप्टेंबरात इंग्रज सेनापती लेकच्या स्वाधीन झाला. ज्यांच्या भरवशावर दिल्ली आणि आग्रा राखायचा, तेच भाड्याचे.

अडगावच्या सहाच दिवस आधी, २३ नोव्हेंबरला, शिंद्यांच्या वकिलाने वेलस्लीशी लढाई थांबवण्याचा करार केला होता. शिंद्यांच्या फौजेने एलिचपूरच्या म्हणजे आजच्या अचलपूरच्या पूर्वेला वीस कोस जाऊन राहायचे असे ठरले होते. फौज गेली नाही. ती भोसल्यांच्या शेजारी सिरसोलीलाच उभी राहिली. वकील इंग्रजांच्या छावणीत बसून तह बोलतो आहे आणि घोडदळ रणांगणावर उभे आहे. वेलस्लीला लढाईचे कारण हातात आयते मिळाले. भोसल्यांना तर त्या करारातून वगळलेच होते, म्हणजे मित्राला वाऱ्यावर सोडून केलेला तो तह होता. आणि तोही पाळला नाही. मैत्रीही गेली, शब्दही गेला. तिकडे यशवंतराव होळकर या सगळ्या युद्धात बाजूला बसून राहिले आणि पुढच्या वर्षी एकटेच इंग्रजांशी लढले. पेशवा दुसरा बाजीराव तर ३१ डिसेंबर १८०२ ला वसईला तह करून आधीच इंग्रजांच्या ताब्यात गेला होता. चार गाद्या, आणि एकालाही दुसऱ्याचा पराभव आपला वाटला नाही.

गाविलगडला काय झाले ते चिखलदऱ्याला मक्याचे कणीस खायला जाणाऱ्या प्रत्येकाने ऐकून घ्यावे. अडगावहून निसटलेले पायदळ या किल्ल्यात शिरले. किल्लेदार बेनीसिंग, राजपूत. वेलस्ली दक्षिणेच्या पायथ्याला तळ देऊन राहिला आणि स्टीव्हन्सनची फौज धामणगावकडून सातपुड्यात शिरून उत्तरेकडच्या लबाडा गावापर्यंत गेली. तिथे जायला वाट नव्हती. सुमारे तीस मैल डोंगर-दऱ्यांतून रस्ता काढत, जड तोफा बहुतेक ठिकाणी माणसांनीच ओढल्या. जनावरे तिथे चालत नव्हती. आज त्या वाटेवर मेळघाटचे जंगल आहे. उन्हाळ्यात रिकाम्या हाताने तिथे चढणाऱ्याला दम लागतो. १५ डिसेंबरला भगदाडातून बाहेरचा किल्ला पडला. आतल्या किल्ल्याचा दरवाजा फुटेना, तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल नावाच्या अधिकाऱ्याने एका कपारीतून शिडी लावून माणसे वर चढवली आणि दार आतून उघडले. बेनीसिंग आपल्या माणसांसह दरवाज्याजवळ मेला. मेलेल्यांच्या ढिगाऱ्यात त्याचे प्रेत सापडले. जनान्यातल्या बायकांवर इभ्रतीच्या नावाखाली आपल्याच माणसांची तलवार चालली होती. त्यांतल्या काही मेल्या, बाकीच्या जखमी पण जिवंत सापडल्या.

बेनीसिंगाचा धनी त्या वेळी किल्ल्यात नव्हता. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, गाविलगडच्या पायथ्याच्या देवगावला रघूजींच्या वतीने तहावर सही झाली. कटक गेले, बालासोर गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा सगळा वऱ्हाड गेला. त्याच तहात गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले भोसल्यांकडे परत आले, सोबत चार लाखांच्या वसुलीचा मुलूख. परत आले! जो किल्ला राखताना बेनीसिंग आणि त्याची माणसे मेली, तो दोन दिवसांनी कागदावर परत मिळाला. ते का मेले, याचे उत्तर कुठल्या नेतृत्वसूत्रात आहे ते मला दाखवा. पंधरा वर्षेही तो भोसल्यांकडे टिकला नाही. सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब भोसल्यांच्या हातून तो पुन्हा गेलाच.

३० डिसेंबरला अंजनगाव सुर्जीला दुसरा तह झाला, शिंद्यांचा. अंजनगाव आज पानमळ्यांसाठी आणि पानपिंपरीसाठी ओळखले जाते. त्या गावात गंगा-यमुनेचा दुआब गेला, दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख गेला, भडोच गेले, अहमदनगरचा किल्ला गेला. दिल्लीचे भवितव्य ज्या कागदावर ठरले त्यावर अमरावती जिल्ह्यात सही झाली, हे अमरावतीतल्या किती शाळांत शिकवले जाते? लंडनने मात्र विसर पडू दिला नाही. १८५१ साली जुन्या सैनिकांना जे हिंदुस्थानी सेनेचे पदक दिले, त्याच्या पट्ट्यांवर आरगॉम आणि गाविलगड ही नावे कोरलेली आहेत. त्यांच्या छातीवर आमची गावे, आमच्या पाठ्यपुस्तकात त्यांचे वॉटर्लू.

पण मला इतिहासाच्या अज्ञानाचे दुःख दुय्यम वाटते. खरा मुद्दा खर्चाचा आहे. हरलेल्या रघूजींनी हरल्याची भरपाई कुणाकडून केली? उरलेल्या मुलखाकडून. नागपूरच्या राज्याचा मोठा भाग गेल्यावर उरलेल्या गावांवर वसूल निर्दयपणे वाढवला गेला, नवे नवे कर बसले. फौजेचा पगार थकला, म्हणून फौजेने रयतेला लुटून पोट भरले. वर पेंढारी होतेच. आणि जिंकलेल्या बाजूने काय केले? वऱ्हाड निजामाला मिळाला, कारण तो कंपनीचा दोस्त होता. आधीच या मुलखात दुअमली होती, निजामाचा अंमल वेगळा, भोसल्यांचा वेगळा. एकाच कुणब्याचे नाव दोन सावकारांच्या वहीत असावे तशी ती व्यवस्था. १८०३ नंतर दुसरी वही मिटली असे वाटले, तर पहिल्या वहीच्या मालकाने वही मक्त्याने दिली. हैदराबादचा सावकार पुरणमल वऱ्हाडचा बहुतेक वसूल मक्त्याने घेऊन बसला. १८३९ मध्ये त्याला काढून पेस्तनजी आणि कंपनीला दिला, ज्या पारशी व्यापाऱ्यांनी १८२५-२६ मध्ये वऱ्हाडचा कापूस प्रथम मोठ्या प्रमाणावर मुंबईला पाठवला होता. मक्तेदाराला मुलूख वाढवायचा नसतो, मुदत संपण्याआधी पिळायचा असतो.

त्यातही मोठी गोष्ट पुढे आहे. निजामाच्या नावाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज ठेवली होती, हैदराबाद कंटिंजंट. निजामाच्या खर्चाने, इंग्रजांच्या हुकमाने. त्या फौजेचा पगार थकत गेला, कंपनीने पैसे भरले आणि ते निजामाच्या नावावर कर्ज म्हणून चढवले. चाळीस लाखांच्या वर गेल्यावर गव्हर्नर जनरल डलहौसीने दावा लावला. २१ मे १८५३ च्या तहाने निजाम नासिरुद्दौलाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. आमचा अख्खा प्रांत, अमरावती, अकोला, त्यांचे बाजार, त्यांची कापसाची वावरे, एका फौजेच्या पगारासाठी गहाण पडला. त्या फौजेची गरज वऱ्हाडातल्या कुणब्याला नव्हती, मागणी त्याने केली नव्हती, हुकूम त्याचा चालत नव्हता. निजामाचा दिवाण सालारजंग याने मरेपर्यंत, १८८३ पर्यंत, वऱ्हाड परत मागितला. मिळाला नाही. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला. पुढे निजाम उस्मान अली खानाने पुन्हा मागितला, तेव्हा १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगने त्याला पत्र लिहून ब्रिटिश सत्ता सर्वांवर आहे हे सुनावले. १९३६ मध्ये त्याच्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ किताब दिला आणि विषय मिटवला. राजपुत्राला आमचे नाव मिळाले. आम्हाला कुणी विचारले नाही.

या सगळ्या काळात वऱ्हाडला ‘सोन्याची कुऱ्हाड’ म्हणायची पद्धत होती. अजूनही अभिमानाने म्हणतात. कुऱ्हाडीचा दांडा कुणाच्या हातात होता ते मी वर सांगितले.

म्हणून जेव्हा कुणी मला सांगतो की लढवय्या राज्यकर्त्यांकडून नेतृत्व शिकावे, तेव्हा मी त्याला एकच विचारतो: त्याने युद्धाचा खर्च कुणाच्या नावे टाकला? हा प्रश्न विचारल्यावर बहुतेक वचने गळून पडतात. वेलस्लीकडूनही शिकण्यासारखे आहे, पण ते त्याच्या सुभाषितांत नाही, त्याच्या हिंदुस्थानातल्या पत्रांत आहे. ती पत्रे बैलांनी, तांदळाने, बंजाऱ्यांच्या तांड्यांनी, नदी ओलांडायच्या टोपलीच्या होड्यांनी भरलेली आहेत. अन्न आणि बैल असले तर माणसे मिळतात आणि माणसे असली तर शत्रू हरतो, असा त्याचा हिशेब होता. लूट करणाऱ्या आपल्याच माणसाला तो फासावर चढवी, कारण लुटलेल्या गावातून पुढच्या मुक्कामाला दाणा मिळत नाही हे त्याला समजले होते. त्याच्या यशाचे गुपित तेवढेच. शिबिरात ते सांगत नाहीत, कारण बैलांच्या आकड्यांवर पोरांच्या अंगावर काटा येत नाही.

आणि या मुद्द्यावर मराठीत याहून जुने, याहून खोल कागद आहेत. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. प्रसिद्ध आहे म्हणजे त्यातली एक-दोन वाक्ये प्रसिद्ध आहेत. पत्र सगळे वाचले तर अंगावर येते. दाणा-गवत पावसाळाभर पुरवून वापरा. आताच उधळले तर पुढे घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुमचे लोक कुणब्याच्या घरात शिरतील, कुणी भाकर मागेल, कुणी दाणे, कुणी गवत, कुणी भाजी, कुणी फाटी. कुणबी गाव सोडून जातील, काही उपाशी मरतील, आणि त्यांना तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल. जे हवे ते बाजारातून पैसे देऊन घ्या. रात्री दिवे विझवून झोपा, उंदराने पेटती वात ओढून नेली तर गवताच्या गंजी जळतील. हा एका लढवय्या राज्यकर्त्याचा युद्धविचार आहे. त्यात शौर्याचा शब्द नाही. त्यात उंदीर आहे, वात आहे, कुणब्याच्या परसातली भाजी आहे. हरणे-जिंकणे कशावर ठरते, हे त्यांना कळले होते: लोक आपल्याला परक्याहून बरे समजतात की वाईट.

कुणी म्हणेल, याच राजाच्या फौजेने १६७० मध्ये वऱ्हाडातले कारंजे लुटले. लुटले. मोगलांच्या मुलखातली ती श्रीमंत पेठ होती, तिथले धनिक खंडणीसाठी धरून नेले. मी ते झाकणार नाही. वऱ्हाडी माणसाला तेही माहीत असले पाहिजे, कारण कारंजे आपलेच आहे. परक्या राज्याची पेठ लुटणे आणि आपल्या रयतेच्या भाजीच्या देठाला हात न लावणे, हे दोन्ही एकाच माणसाच्या धोरणात होते. त्या काळच्या युद्धाचे ते गणित होते आणि कारंज्याच्या बाजूने पाहिले तर ते क्रूर होते. पण आपल्या फौजेचा खर्च आपल्या कुणब्यावर टाकायचा नाही, ही रेघ त्या राजाने मारली आणि राखण्यासाठी अधिकाऱ्यांना कागदावर तंबी दिली. दौलतरावांनी, रघूजींनी, निजामाने, डलहौसीने ही रेघ मारलीच नाही. आज ज्यांचे पुतळे उभे करून ज्यांच्या नावाने गर्जना होतात, त्या राजाचे हे पत्र गर्जना करणाऱ्यांपैकी किती जणांनी पूर्ण वाचले आहे? मला हे विचारायचा हक्क आहे, कारण मीही त्या राजाचा आहे.

आमच्या जिल्ह्यांतले पुढारी निवडणुकीला रण म्हणतात, मतदारसंघाला गड म्हणतात, स्वतःला सेनापती म्हणवून घेतात, आणि कार्यकर्त्याला मावळा. या सेनापतींच्या छावण्या कुणाच्या दाण्यावर उठतात ते तपासा. मेळाव्याला गाड्या कुणाच्या, डिझेल कुणाचे, हारतुऱ्यांचे पैसे कोणत्या कंत्राटातून आले, आणि त्या कंत्राटाचा रस्ता पहिल्याच पावसात कुठे वाहून गेला. खारपाणपट्ट्यातल्या गावांना गोडे पाणी मिळाले की नाही, हे त्यांच्या युद्धात येत नाही. त्या मावळ्यांच्या मुलांना भरतीच्या मैदानावर धावायला पाठवायचे, सीमेवरच्या गोळीबाराची बातमी आली की चौकात फटाके फोडायचे आणि युद्ध झालेच पाहिजे म्हणून ओरडायचे. ओरडणाऱ्यांच्या घरातले किती जण भरतीच्या रांगेत असतात? २०२२ पासून अग्निपथ योजनेत निवडलेल्या पोराला चार वर्षांची नोकरी मिळते, आणि त्यांतल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे ठेवले जातात. बाकीची पोरे पंचविशीच्या आत-बाहेर गावी परत येणार आहेत. ती आल्यावर त्यांना काय काम आहे, वावरात कोणते पीक परवडते आहे, हे व्यासपीठावरचा एकही सेनापती बोलत नाही. फौजेतल्या पोरांविषयी माझ्या मनात आदर आहे. त्या आदरापोटीच हे लिहितो. त्यांच्या जिवावर घोषणा विकणाऱ्यांविषयी मला घृणा आहे.

अमरावतीला नेता म्हणजे काय हे शिकायला नेपोलियनची गरज नाही. पापळच्या पंजाबराव देशमुखांनी ऑक्सफर्डला वेदवाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहिला, बॅरिस्टर होऊन परत आले. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहात उतरले. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. १९३० ते १९३३ ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री होते. १९३२ मध्ये त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि कुणब्यांची पोरे शाळेत घातली. १९३३ मध्ये या प्रांतात कर्ज लवादाचा कायदा झाला, त्यासाठी ते झटले. कर्जदार शेतकरी आणि सावकार यांना समोरासमोर बसवायचे, मूळ रक्कम किती, व्याज किती, फेडायची ताकद किती ते पाहायचे, आणि कर्ज तोडून हप्ते बांधून द्यायचे. त्याच्या ऐंशी वर्षे आधी याच प्रांताला एका फौजेच्या कर्जापायी गहाण टाकताना कुणी असे समोरासमोर बसवले नव्हते, कुणी हिशेब मागितला नव्हता. या कायद्यामुळे वऱ्हाडातला शेतकरी आपल्या नावावरचे कर्ज घेऊन लवाद मंडळासमोर उभा राहिला आणि आकडा चुकीचा आहे असे म्हणू शकला.